नाण्यावरची रेष

आमची आजी हुडकेश्वरला रस्त्याच्या कडेला भाजी विकते. गेल्या महिन्यात तिला गिऱ्हाइकाने दहा रुपयांचे नाणे दिले. ते घेऊन मी दुकानात साखर आणायला गेलो. दुकानदार म्हणाले, "यावर रेष आहे. हे खोटं आहे, दुसरं दे." घरी आलो तर आजीच चिडली. म्हणाली, "मी का घरी नाणे पाडतो का बापा?" दहा रुपये म्हणजे आजीच्या सांभाराच्या दोन जुड्या.

मी नाणे शाळेत नेले. गुरुजींनी भिंग दिले. सिंहाच्या बाजूला 'भारत' या शब्दापासून कडेपर्यंत केसासारखी रेष होती. गुरुजी म्हणाले, "नख फिरवून पाहा." रेष नखाला वर आलेली लागली. ओरखडा असता तर तो खोल लागला असता.

मग रेष वर कशी आली? नाणी टांकसाळीत पाडतात. तिथे कडक पोलादाचे दोन ठसे असतात, एक वर आणि एक खाली. मध्ये धातूची कोरी चकती ठेवतात आणि यंत्र जोराने दाबते. ठशावर चित्र उलटे आणि खोल कोरलेले असते, म्हणून नाण्यावर ते सुलटे आणि उठून येते. एकाच ठशाने हजारो नाणी पाडतात. दाब खाऊन खाऊन ठशाला तडा जातो. मग धातू त्या तड्यात शिरतो अन् नाण्यावर रेष उठते. पोळ्याला आम्ही साच्यातून मातीचे बैल काढले. साच्याला चीर होती, तर सगळ्या बैलांच्या पाठीवर तीच रेष आली. बैल काही खोटे झाले नाहीत!

कधी ठशात वंगण, कचरा भरतो, तेव्हा अक्षर पुसट येते. कधी चकती सरकते आणि चित्र एका बाजूला कापले जाते. अशी नाणी तपासून बाजूला काढतात, पण एखादे सुटतेच.

आमच्या नाण्यावर सालाच्या खाली हिऱ्याच्या आकाराची खूण आहे, म्हणजे ते मुंबईच्या टांकसाळीचे. तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. तुमच्या खिशातले पण पाहा.

दहाची नाणी वेगवेगळी दिसतात म्हणून पण लोक घेत नाहीत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की दहाच्या नाण्याचे १४ नमुने काढले आहेत आणि सगळे चालतात.

दादा म्हणतो, रेषेचे नाणे लाखाला विकते. आजी म्हणाली, "मंग तूच घे न लाखाला."

खाली मी दोन ठसे चिकटवले आहेत. नाण्यावर कागद ठेवून शिसपेन घासली. पहिल्यात रेष काळी आली, ती ठशाच्या तड्याची. दुसरे नाणे ओरखड्याचे आहे, त्याची रेष पांढरी राहिली. हाच कागद मी दुकानदारकाकांना दाखवला. त्यांनी नखाने पाहिले, परत पाहिले आणि साखर दिली.