स्कॅनर घेताना आधी झाकण उघडा!

आईच्या ट्रंकेत किंवा सासऱ्यांच्या कागदपत्रांत चौकोनी, सहा-सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्ह सापडल्या तर त्या टाकून देऊ नका. त्या १२० फिल्मच्या. अ‍ॅग्फा क्लिक थ्री, याशिका मॅट अशा कॅमेऱ्यांत ही फिल्म लागायची. एका रोलवर फोटो बाराच. त्यामुळे बारसं, लग्न, नवं घर असं काही असल्याशिवाय कुणी बटण दाबत नसे.

पालघर-बोईसर पट्ट्यात या निगेटिव्हचं मोल आणखी वेगळं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. पुढे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथलं अंगण, तिथली ओटी आता फोटोतच पाहायची. त्यात आपली खारी, दमट हवा! फिल्मवर एकदा बुरशी धरली की चित्रच खाल्लं जातं. म्हणून हे काम ‘पुढच्या दिवाळीत बघू’ म्हणण्यासारखं नाही.

दुकानात गेलं की पहिला आकडा ऐकवतात तो डीपीआयचा. ४८००, ६४००! त्याला भुलू नका. आधी झाकण उघडून बघा. घरातला साधा स्कॅनर कागदावर खालून उजेड टाकतो. निगेटिव्हला उजेड आरपार लागतो, म्हणजे झाकणातही दिवा हवा आणि तो पुरेसा रुंद हवा. एपसनच्या व्ही ३७० मध्ये असा दिवा आहे, पण ३५ मिलिमीटरच्या पट्टीपुरता. व्ही ६०० मध्ये मात्र १२० ची फिल्म बसते. ऑनलाइन दिसणारे डबीएवढे स्वस्त फिल्म स्कॅनरही बहुतेक ३५ मिलिमीटरचेच असतात.

आपली निगेटिव्ह त्या छोट्या निगेटिव्हच्या साडेतीन पट मोठी. त्यामुळे २४०० डीपीआयवर स्कॅन केली तरी भिंतीवर लावायला सोळा-सतरा इंचांचा फोटो सहज निघतो.

वापरलेला स्कॅनर घेत असाल तर १२० चं होल्डर आहे ना, हे विचारा. तेच नेमकं हरवलेलं असतं. फिल्म नुसती काचेवर ठेवली तर चित्रावर रंगीत वलयं उमटतात. पैसे देण्याआधी घरची एक निगेटिव्ह स्कॅन करून बघा. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय कृष्णधवल फिल्मवर चालत नाही, तिथे ती बंदच ठेवा. धूळ हवेच्या फुग्याने उडवा. बुरशी दिसली तर पाणी लावू नका, चित्राचा थरच सुटेल.

निगेटिव्ह वीस-पंचवीसच असतील तर स्कॅनर घेण्यापेक्षा स्टुडिओतून करून घेतलेलं परवडतं. जास्त असतील तर जावा-नणंदांनी मिळून एकच घ्यावा आणि घरोघरी फिरवावा.

आणि हो, फाइलला ‘००१’ असं नाव ठेवू नका. गाव, साल, डावीकडून कोण कोण, सगळं लिहा. ते सांगणारी आजी किंवा आत्या असेल, तर तिला शेजारी बसवूनच हे काम करा. स्कॅन झाल्यावर मूळ निगेटिव्ह कोरड्या कागदी पाकिटात घालून पुन्हा जपून ठेवा.