हिरव्याची उंची मोजणारं यंत्र

आकाशातून पाहिलं की जंगल हिरवं दिसतं. काजूची बागही हिरवी आणि दोडामार्गातली रबराची लागवडही हिरवीच. हा हिरवा कुठे वाढला, कुठे पुसला गेला, याची नोंद लँडसॅट उपग्रह १९७२पासून ठेवत आले आहेत. पण कार्बन रंगात नसतो, लाकडात असतो. वाळल्या लाकडाच्या वजनात तो जवळपास निम्मा भरतो. म्हणजे झाड किती उंच, किती भरगच्च, हे कळायला हवं.

‘जेडाय’ हे त्यासाठीचं यंत्र. नाव सिनेमातल्या योद्ध्यांची आठवण करून देणारं, काम मात्र भूकरमापकाचं. नासाच्या गोडार्ड केंद्रात ते बनलं. मेरीलँड विद्यापीठातले राल्फ दुबाया या मोहिमेचे प्रमुख. डिसेंबर २०१८मध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर पोहोचलं. त्यात ३ लेसर, प्रत्येकाचे सेकंदाला २४२ झोत. जमिनीवर पडणारा ठिपका २५ मीटर रुंद. त्यातला थोडा उजेड शेंड्यावरून परततो, थोडा फांद्यांवरून, आणि पानांच्या फटींतून खाली उतरलेला जमिनीवरून. एका नॅनोसेकंदाचा उशीर म्हणजे १५ सेंटिमीटर खोली. उजेडाच्या परतीच्या वेळेवरून झाडाची उंचीच नव्हे, आतली दाटीही वाचता येते.

ही शितावरून भाताची परीक्षा. एका ओळीतले ठिपके ६० मीटर अंतराने पडतात. मधली जागा लँडसॅटच्या चित्रांवरून भरायची. जगभरातल्या झाडांच्या उंचीचा २०१९चा नकाशा असाच झाला.

उंचीवरून वजन काढायचं सूत्र मात्र वरून मिळत नाही. कुणीतरी रानात जाऊन खोडाला फीत गुंडाळलेली असते, त्या आकड्यांवर ते उभं आहे. शिवाय सह्याद्रीसारख्या उतारावर एका ठिपक्यातच जमीन कित्येक मीटर खालीवर होते. जमिनीची खूण फाकते आणि झाडाच्या खुणेत मिसळते. सपाटीवरचा आकडा मला जितका पटतो, तितका घाटातला पटत नाही.

२०२३च्या सुरुवातीला हे यंत्र स्थानकावरून सोडून वातावरणात जाळायचं ठरलं होतं. शास्त्रज्ञांनी रदबदली केली. मार्चमध्ये ते काढून स्थानकावरच दुसऱ्या जागी ठेवलं गेलं, एप्रिल २०२४मध्ये पुन्हा चालू झालं. मधल्या वर्षभरात कुऱ्हाड कुठे चालली ते लँडसॅटने टिपलं. पडलेल्या झाडांची उंची मात्र मोजायची राहून गेली.