पुड्यावरील हसरे चेहरे आणि त्यांच्यामागच्या काळ्या कथा

चंदीगडच्या बसस्थानकावर असो वा चंद्रपूरच्या, चहाच्या टपरीवर पारले-जीचा पिवळा पुडा हमखास दिसतो. त्यावरची गोबऱ्या गालांची मुलगी कोण, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे. खाऊच्या हसऱ्या चेहऱ्यांभोवती अशा कथा का रचल्या जातात आणि त्यांतील काही भयावह का होतात?

विलेपार्ले येथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या पारले कंपनीच्या या बिस्किटावरील मुलगी म्हणजे नागपूरच्या एक महिला होत, असा दावा अनेक वर्षे फिरत राहिला. लेखिका सुधा मूर्ती यांचे नावही त्यात गोवले गेले. प्रत्यक्षात ते कोणाचेही छायाचित्र नाही. एव्हरेस्ट या जाहिरात संस्थेचे चित्रकार मगनलाल दहिया यांनी १९६० च्या दशकात काढलेले ते कल्पनाचित्र असल्याचे कंपनीच्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले आहे. तरीही हे दावे अधूनमधून पुन्हा डोके वर काढतात.

जिवंत मुलाच्या मृत्यूची कथा

पारलेच्या मुलीच्या वाट्याला निदान निरुपद्रवी कथा आल्या. अमेरिकेतील ‘मायकी’ तितका सुदैवी नव्हता. क्वेकर कंपनीच्या ‘लाइफ’ या न्याहारीच्या पदार्थाच्या १९७२ मधील जाहिरातीत हा गोड मुलगा झळकला. पुढे ‘पॉप रॉक्स’ ही तोंडात तडतडणारी गोळी आणि शीतपेय एकत्र घेतल्याने पोट फुटून त्याचा मृत्यू झाला, अशी अफवा देशभर पसरली. गोळीतील कर्ब वायू शीतपेयाच्या एका डब्यातील वायूपेक्षाही कमी असतो. तरीही १९७९ मध्ये उत्पादक जनरल फूड्सला वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला. मायकीची भूमिका करणारा जॉन गिलख्रिस्ट मात्र सुखरूप होता.

पंजाबपर्यंत पोहोचलेली अफवा

भारतात अशीच वेळ कुरकुरेवर आली. जुही चावला यांच्या हसतमुख जाहिरातींमुळे घरोघरी पोहोचलेल्या या पदार्थात प्लॅस्टिक असते आणि म्हणूनच तो पेटतो, असा प्रचार झाला. तांदूळ, मका व हरभरा यांच्या पिठातील पिष्ट आणि तळणाचे तेल हे दोन्ही ज्वलनशील असतात. कोणताही कोरडा तळलेला पदार्थ पेटू शकतो. पेप्सिकोने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१८ मध्ये असा मजकूर रोखण्याचे आदेश मिळाले. चंदीगडच्या नैऋत्येला, संगरूर जिल्ह्यातील चन्नो येथे या कंपनीचा कारखाना आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या अफवेची झळ पंजाबातील कामगार आणि शेतकऱ्यांपर्यंत पोहोचू शकते.

रिकामी जागा

या कथांचे मूळ चेहऱ्यांच्या स्वरूपातच आहे. पुड्यावरील चेहऱ्याला बहुधा नाव नसते, वय वाढत नाही आणि हसू कधी ओसरत नाही. आपण मोठे होतो, ते मूल मात्र तसेच राहते. ‘त्याचे पुढे काय झाले?’ या प्रश्नाला उत्तर नसल्याने ती रिकामी जागा कल्पना भरून काढते. त्यातही दुःखान्त कथा अधिक लक्षात राहते. लहानपणी निर्धास्तपणे खाल्लेल्या खाऊत काही काळेबेरे असावे, ही शंका मनाला चटका लावते आणि ‘सावध करतो’ या भावनेने माणूस ती पुढे सांगतो.

अशा कथा गंमत म्हणून रंगवायला हरकत नाही. मात्र त्यात जिवंत माणसाचे नाव, कोणाचा मृत्यू किंवा अन्नातील विष आले की ती केवळ गंमत राहत नाही. त्या वेळी दोन प्रश्न पुरेसे ठरतात: हे प्रथम कोणी सांगितले आणि संबंधित व्यक्तीला कोणी विचारले का? पारलेच्या मुलीबाबत खरे उत्तर एका चित्रकाराच्या कुंचल्यात होते. ते साधे असल्यामुळेच कदाचित फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.