बाबासाहेबांचे ग्रंथ आणि टोरंट

माणगावच्या बाजारात एके काळी मोबाईलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळे. सिनेमाच्या गाण्यांबरोबर त्यात वामनदादा कर्डकांची गाणीही असत. वामनदादा २००४ साली गेले. त्यांच्या शब्दांवरचा हक्क कायद्याने २०६४ अखेरपर्यंत आहे. ना दुकानदाराने त्याचा विचार केला, ना आपण.

टोरंट हे त्याच देवाणघेवाणीचे मोठे रूप. नॅपस्टरची यादी एकाच ठिकाणी होती, म्हणून २००१ साली अमेरिकेतील न्यायालयाच्या आदेशापुढे ते बंद पडले. त्याच वर्षी आलेल्या बिटटोरंटमध्ये फाईलचे तुकडे अनेक संगणकांवर राहतात. जो घेतो, तोच त्याच वेळी दुसऱ्याला देतोही. खोच इथेच आहे. बेकायदा प्रत नुसती पाहणे गुन्हा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली म्हटले. पण टोरंटवर घेणारा वाटणाराही ठरतो, आणि जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे. शिवाय आपल्या जोडणीचा पत्ता तिथे उघडा असतो.

मग आपल्याला हे कशाला हवे? १९३६ साली बाबासाहेबांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’च्या १५०० प्रती स्वखर्चाने छापल्या, दोन महिन्यांत संपल्या. आणि शासन? ९ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेऊन चार वर्षांत ३३ हजार प्रती छापल्या, अशी बातमी आल्यावर २०२१ साली उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांचे झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ चा, म्हणून तो २०१८ पासून. हे मूळ इंग्रजी ग्रंथ खुशाल वाटा. मराठी अनुवादाचा हक्क मात्र अनुवादकाचा, तो वेगळा पाहावा लागेल.

पण ‘रिडल्स इन हिंदुइझम’? तो प्रथम १९८७ साली शासनाच्या चौथ्या खंडात आला. मरणोत्तर प्रसिद्ध लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणजे २०४७ अखेर! राम-कृष्णावरचा भाग वगळा म्हणून ज्या ग्रंथावर गदारोळ झाला, ज्याच्यासाठी १९८८ साली मुंबईत आपला प्रचंड मोर्चा निघाला, ज्याला एकाच प्रकाशकाच्या हाती ठेवणे सर्वांत धोक्याचे, तोच अजून कुलपात.

दुसरी बाजूही पाहा. टोरंटवरील फाईलला ठसा असतो. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. पण पहिली प्रतच कोणी भेसळ करून टाकली, तर ठसा भेसळीलाच खरी म्हणतो आणि ती परत बोलावता येत नाही. अन् देणारा शेवटचा संगणक बंद झाला की फाईलही गेली.

माणगाव तालुक्यातच, लोणेरेला, बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तिथल्या आपल्या मुलांनी मुक्त झालेले ग्रंथ मूळ प्रतीशी ताडून घ्यावेत, त्यांचे ठसे छापून द्यावेत. गावोगावच्या विहारांनी एकेक संगणक चालू ठेवावा. ‘रिडल्स’साठी हक्कधारकांकडे खुल्या वितरणाची लेखी परवानगी आताच मागावी.