दिंडोरीच्या बागांचा धडा
आपल्या सिल्वासा-सायलीची दमणगंगा उगम पावते नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात. हा तालुका द्राक्षांसाठीही प्रसिद्ध. २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षे नाकारली. मण्यांत क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाचे अंश सापडले होते. नाशिकच्या बागायतदारांना मोठा फटका बसला, पण त्यातून शहाणपणही आले. आता निर्यातीच्या बागांत प्रत्येक फवारणीची नोंद होते, तोडणीआधी प्रयोगशाळेत द्राक्षे तपासली जातात. ठिबकने पाणी मोजून दिले जाते. खरड छाटणीच्या काड्या जाळण्याऐवजी अनेक शेतकरी त्या बारीक करून वेलींखाली पसरतात. मातीत ओल टिकते, गांडुळे वाढतात. मुलांनो, एवढी काळजी फक्त परदेशी गिऱ्हाइकांसाठीच का? द्राक्षे घेताना आपणही विचारूया, "शेवटची फवारणी कधी झाली?"