जोडणी कुठे अडली ते लिनक्स सांगतं

गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत इंटरनेट बंद पडलं की दुरुस्तीपेक्षा अंतर महाग पडतं. चंद्रपूर शंभराहून अधिक किलोमीटर, नागपूर त्याच्याही पलीकडे. संगणक गाडीत घालून तिकडे न्यायचा, की मेकॅनिकची वाट बघायची? म्हणून बिघाड नेमका कुठल्या टप्प्यावर आहे हे घरबसल्या कळणं फार मोलाचं, आणि डायल-अपच्या बाबतीत ते काम लिनक्स विंडोजपेक्षा चांगलं करतं, असं माझं ठाम मत आहे.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुलं केलं, तेव्हापासून डायल-अपचा क्रम तोच आहे: मोडेम सापडणं, नंबर लागणं, पलीकडच्या मोडेमशी सूर जुळणं, नाव-पासवर्ड मान्य होणं आणि शेवटी पत्ता मिळणं. ‘डब्ल्यूव्हीडायल’ हा प्रोग्रॅम टर्मिनलवर चालवला की यातली प्रत्येक पायरी डोळ्यांसमोर उमटते. ‘नो डायलटोन’ आलं तर आधी फोन उचलून कानाला लावावा. सूर ऐकू येतो, तरी मोडेमला कळत नाही, असं आपल्याकडे पुष्कळदा व्हायचं. कारण भारतीय एक्स्चेंजचा सूर परदेशी मोडेमच्या अपेक्षेपेक्षा वेगळा. सेटिंगमध्ये ‘एटीएक्स३’ लिहिलं की मोडेम सुराची वाट न बघता नंबर फिरवतो. ‘नो कॅरियर’ आलं तर संशय लाइनवर घ्यावा: झाडांतून गेलेली तार, पावसाळ्यात ओला झालेला सांधा. सगळ्यांत फसवा प्रकार मात्र वेगळाच. जोडणी होते, पत्ताही मिळतो, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी लॉगमध्ये बहुधा एक ओळ सापडते: आधीचा डीफॉल्ट रूट बदललेला नाही. म्हणजे सगळी माहिती लॅन कार्डाकडे चालली आहे आणि फोनलाइन नुसती बिल वाढवते आहे. लॅन बंद करून पुन्हा डायल केलं की काम होतं. रूट ठीक असेल, तर आकडी पत्ता पिंग करावा. तो लागला आणि नावाचा पत्ता लागला नाही, तर दोष नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा.

‘तोच मोडेम विंडोजवर चालतो, मग चूक लिनक्सचीच’, हा आक्षेप बरोबर वाटतो, पण अर्धाच खरा आहे. स्वस्त अंतर्गत मोडेमांत सिग्नलचं काम मोडेम करतच नाही. ते विंडोजच्या ड्रायव्हरवर सोडलेलं असतं, आणि कंपनीने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला नाही तर ते कार्ड निरुपयोगी. ग्राहकाला याचा त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सिरियल पोर्टला लावायचा बाहेरचा मोडेम घेतला की प्रश्न मिटतो. फार तर वापरणाऱ्याला ‘डायलआउट’ गटात घालावं लागतं.

दुसरा आक्षेप काळाचा: आता डायल-अप राहिलंय कुठे? तांब्याच्या तारेवर फारसं नाही. पण कित्येक यूएसबी डोंगल आजही स्वतःला मोडेम म्हणवतात, ‘*९९#’ हा नंबर फिरवतात आणि डायल-अपच्याच पीपीपी प्रोटोकॉलवर चालतात. आणि आलापल्लीसारख्या नक्षलग्रस्त भागांतले २जी टॉवर ४जी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०२२ साली मिळाली. तोवर त्या टॉवरांची गाडी २जीवरच होती. डोंगल लावूनही लिनक्सला मोडेम दिसत नसेल, तर तो बहुधा अजून सीडी असल्याची बतावणी करत असतो. ‘यूएसबी मोडस्विच’ हे पॅकेज त्याला मोडेमच्या रूपात आणतं. मात्र ते पॅकेज आधीच, रेंज असताना, उतरवून ठेवायला हवं.