बेलिफ दाराशी येण्याआधी

कर्जाचा हुकूमनामा झाला आणि पैसे भरले गेले नाहीत, की धनको दरखास्त लावतो. मग न्यायालयाचा बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन दाराशी येतो. तरी घरातले सगळेच उचलता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० नुसार गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची लागणारी अवजारे, बैल आणि बियाणे जप्त होत नाही. सूर्यास्तानंतर बेलिफाला घरात शिरताही येत नाही.

कायदा संसार राखतो, कुरआन मुदत द्यायला सांगतो. कर्जदार अडचणीत असेल तर त्याचा हात मोकळा होईपर्यंत थांबावे, माफ केले तर अधिक चांगले, असा सूरह बकराच्या २८० व्या आयतीचा आशय आहे. ऐपत असून टाळाटाळ करणे मात्र जुलूमच, असे पैगंबरांनी बजावले आहे.

जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूसही येतो. रमजानमध्ये जकात काढताना मोहल्ल्यातले असे घर आठवावे. शिंप्याची मशीन कायदा वाचवील. शेजाऱ्यांसमोर गेलेली अब्रू मात्र कोणतेच न्यायालय परत देत नाही.